टाकून दिलेल्या चपला

तर झालं असं की शुक्रवारी संध्याकाळी सहाला आईचा फोन आला. तिच्याकडे शनिवारची सकाळ, साडेसहा, पहिला चहा झालेला. माझ्याकडे बिल्ड फुटलेला, सोमवारी रिलीज, आणि ज्याच्या कोडमुळे फुटला तो गडी चार वाजताच वीकांताला पळालेला. म्हणजे फोन कानाला, डोळे स्क्रीनवर आणि तोंडाने "हं... हं..." चालू. परदेशात राहणाऱ्या मुलांना ही कला आपोआप येते.

बाबा २०२१ मध्ये गेले. त्यानंतर आई तीन पावसाळे गावच्या घरात एकटी राहिली. आता ताईने हट्टच धरला, की दिवाळीपर्यंत घर बंद करून पुण्याला ये. त्यामुळे सध्या आवराआवर. तांब्याचा बंब कुणाला दिला, पाट कुणी नेले, पितळेच्या पातेल्यांचं काय केलं याचं सविस्तर वर्णन चालू होतं. आणि मधेच, त्याच सुरात, तिने विचारलं, "बाबांच्या चपलांचं काय करू रे?"

मी म्हणालो, "टाकून दे ना आई. काय करायचंय ठेवून?"

दोन सेकंद काहीच आवाज नाही. मला वाटलं फोन कटला.

"बरं," ती म्हणाली. मग, "जेवलास का?"

बिल्ड साडेसातला दुरुस्त झाला. एका ठिकाणी एक शून्य कमी पडलं होतं.

दुसऱ्या दिवशीचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता. ऑरेगनच्या मधोमध, कॅस्केड डोंगरांच्या पलीकडे फोर्ट रॉक म्हणून एक जागा आहे. तिथे जायचं, आणि जाताना युजीनला युनिव्हर्सिटीचं म्युझियम बघायचं. कल्पना बायकोची. लेकीला शाळेत 'जुन्या वस्तू' असा काहीतरी प्रकल्प होता. मी फक्त ड्रायव्हर. तिथे चपला बघायच्या आहेत हे मला म्युझियमच्या दारात कळलं, आणि शपथेवर सांगतो, पोटात एकदम काहीतरी झालं.

काचेमागे, मंद उजेडात, चपला होत्या. चपला म्हणजे खरंच चपला. 'पादत्राणसदृश अवशेष' वगैरे नाही. दुरून पाहिलं तर कुणी काथ्याच्या पायपुसण्याचे तुकडे कापून ठेवलेत असं वाटेल. जवळ गेलं की रचना दिसायला लागते. टाचेकडून पुढे गेलेले पाच जाड दोर, त्यांच्याभोवती आडव्या दोऱ्यांची घट्ट वीण. बोटांपाशी आले की हेच उभे दोर उकलून बारीक केलेत आणि मागे वळवलेत, आणि त्यांच्यावर विरळ वीण घालून बोटांवर येणारी टोपी केली आहे. घोट्याला बांधायला दोरी. डावा-उजवा वेगळा असा नाही. वय? साधारण साडेनऊ ते साडेदहा हजार वर्षं. म्हणजे इजिप्तचे पिरॅमिड बांधले गेले तेव्हाच या चपला पाच हजार वर्षांच्या जुन्या होत्या. थेट वय मोजलेली जगातली सगळ्यात जुनी पादत्राणं म्हणून यांचं नाव घेतात.

टाचांकडे बघितलं आणि थांबलो. झिजलेल्या होत्या. काहींच्या कडा करपून काळ्या पडलेल्या, पण दोराचा पीळ मात्र जसाच्या तसा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, ही म्हण लहानपणापासून फक्त हेकट माणसांबद्दल ऐकली होती. ती शब्दशः खरी आहे हे काचेला नाक लावून पहिल्यांदा पाहिलं.

बाबांची उजवी टाच कायम बाहेरच्या बाजूने झिजायची. प्राथमिक शाळेत शिक्षक, शाळा दोन वाड्या ओलांडून, मधे एक चढण आणि एक साकव. चपला शिवून घेतलेल्या, चामड्याच्या, खाली टायरचा तळ. चांभार दरवेळी म्हणायचा, "गुरुजी, पाय सरळ टाका." बाबा म्हणायचे, "पाय सरळच आहे, रस्ता तिरका आहे."

असो.

या चपला सापडल्याची गोष्ट मोठी मजेची आहे. १९३८ मध्ये ऑरेगन युनिव्हर्सिटीच्या ल्यूथर क्रेसमन नावाच्या प्राध्यापकाने फोर्ट रॉकजवळची एक छोटीशी गुहा खणली. (गॉसिपची आवड असणाऱ्यांसाठी: हा मार्गारेट मीडचा पहिला नवरा.) या भागातल्या बऱ्याच गुहा तोवर हौशी लोकांनी उकरून ठेवल्या होत्या. बाण-भाल्यांची टोकं काढायची, भिंतीवर लावायची, उरलेला 'कचरा' फेकायचा. क्रेसमनला रस त्या कचऱ्यातच होता. खणताना ज्वालामुखीच्या राखेचा एक थर लागला, आणि त्या थराच्या खाली चपला. एक-दोन नाही, डझनावारी.

ही राख माझामा नावाच्या पर्वताची. तो साधारण ७,७०० वर्षांपूर्वी फुटला आणि आतून रिकामा होऊन खाली बसला. त्या खड्ड्यात पाणी साठून जे तळं झालं ते आजचं क्रेटर लेक. फोर्ट रॉकपासून शंभरेक किलोमीटरवर आहे. क्लॅमथ लोकांच्या कथांमध्ये लाओ आणि स्केल या दोन शक्तींची लढाई येते, आकाशातून आग पडते, डोंगर कोसळतो. भूगर्भशास्त्रज्ञांनी हा स्फोट शोधून काढला तो विसाव्या शतकात. हे लोक तो पिढ्यान् पिढ्या पोरांना सांगत होते. आणि या चपलांकडे ते 'सापडलेली वस्तू' म्हणून बघत नाहीत. आजोबांची चीजवस्त म्हणून बघतात.

आता राखेखालच्या चपला राखेच्या आधीच्या, हे आमच्या लेकीलाही कळलं. पण नेमक्या किती आधीच्या? १९३८ मध्ये मोजायचं साधनच नव्हतं. क्रेसमन म्हणत होता, फार जुन्या आहेत. त्या वेळच्या बऱ्याच पंडितांच्या मते या भागात माणूस येऊनच तीन-चार हजार वर्षं झाली होती, त्यामुळे बोलणाऱ्याची ऐपत काढली गेली. मग विलर्ड लिबीने कार्बन-१४ ची पद्धत काढली आणि १९५१ मध्ये या चपलांचं वय आलं, सुमारे ९,००० वर्षं. पुढे आकडेमोड सुधारली तसं ते आणखी मागे गेलं. तेरा वर्षं हा माणूस बरोबर होता आणि त्याला ते सिद्ध करता येत नव्हतं. मला कोड रिव्ह्यूमध्ये तेरा मिनिटं धीर धरवत नाही.

यातली एक गोष्ट मात्र मला टोचली. त्या काळी वय मोजायला वस्तूचा बराच मोठा भाग जाळावा लागायचा. आता काही मिलिग्रॅम पुरतात. तेव्हा वय हवं तर चप्पल द्या, चप्पल हवी तर वय विसरा. हजारो वर्षं टिकलेली गोष्ट आपणच जाळायची, कशासाठी, तर किती वर्षं टिकली हे कळावं म्हणून. मी असतो तर माझा हात धजावला नसता. पण मग आज 'फार जुन्या' एवढंच म्हणत बसलो असतो.

आणखी एक. या विशिष्ट प्रकारची चप्पल हजाराहून जास्त वर्षं तशीच्या तशी बनत राहिली. तेच पाच दोर, तीच टाचेकडून सुरुवात, तीच बोटांवरची टोपी. म्हणजे आईने लेकीला, मामाने भाच्याला, असं चाळीस-पन्नास पिढ्या. आमच्या क्षेत्रात तीन वर्षांपूर्वी लिहिलेलं काही चालू असेल तर लोक तोंडावर हात ठेवून हसतात. हे बघा, हजार वर्षांत एक अपग्रेड नाही. ग्राहकांची तक्रार नसावी. :)

लेक एका छोट्या चपलेपाशी उभी होती. या चपलांमध्ये लहान मुलांच्याही आहेत. तिने स्वतःचा बूट काचेशी नेऊन माप लावून बघितलं आणि विचारलं, "हिची दुसरी कुठे आहे?"

बायको म्हणाली, "हरवली असेल."

"म्हणजे ती एकच घालून घरी गेली?"

याला कुणाकडे उत्तर नव्हतं.

युजीनहून अठ्ठावन्न नंबरचा रस्ता कॅस्केड चढून पलीकडे उतरतो. निघालो तेव्हा पाऊस होता. ऑक्टोबरात इकडे असतोच. वर चढलो तशी झाडं अंगावर आलेली, बुंध्यांवर हिरवं शेवाळ, वायपर चालू. घाटमाथा ओलांडला आणि उतारावर पाऊस थांबला. आणखी तासाभरात झाडं विरळ, मग खुरटी, मग नाहीतच. आकाश एकदम मोठं. महाबळेश्वरला धो धो झोडपणारे ढग पाचगणी उतरून वाईला येईपर्यंत जे काही होऊन बसतात तेच हे, फक्त शंभरपट मोठ्या पटावर. फोर्ट रॉकच्या भागात वर्षभराचा पाऊस पंचवीस सेंटीमीटरच्या आसपास. आमच्या गावात एवढा एखाद्या दांडग्या दिवसात पडलेला मी पाहिलाय.

फोर्ट रॉक हा सपाट माळावर उभा असलेला खडकाचा अर्धवट गोल आहे. इथे एकेकाळी भलं मोठं तळं होतं. खालून लाव्हा वर आला, पाण्याला आणि चिखलाला भिडला, स्फोट झाले आणि राखेचं हे कडं तयार झालं. मग तळ्याच्या लाटांनी दक्षिणेची भिंत फोडली. नालेच्या आकाराचा किल्ला म्हणा. सह्याद्रीतला माणूस पहिल्या क्षणाला 'यावर कुठून चढायचं' हेच शोधतो. मीही शोधलं.

गुहा इथून थोडी पश्चिमेला, एका टेकाडात आहे. एकट्यादुकट्याने आत जायला मनाई, माहितगाराबरोबरच जावं लागतं. आमचं ते जमलं नाही. दुरून एक काळी खाच तेवढी दिसली. मनात अजिंठा धरून याल तर घोर निराशा होईल. पावसात गुरं आडोशाला उभी राहतील एवढाच तो प्रकार.

पण तेवढा आडोसाच पुरला. यावर मी नंतर बरंच वाचलं. चामडं, दोर, लाकूड, कापड या गोष्टी वयाने मरत नाहीत. त्यांना बुरशी आणि जिवाणू खातात, आणि या मंडळींना जगायला पाणी लागतं. कायम कोरडं असेल तर वस्तू टिकते. कायम पाण्याखाली चिखलात, हवेशिवाय असेल तरी बऱ्यापैकी टिकते. सगळ्यात वाईट म्हणजे आलटून पालटून ओलं आणि कोरडं. थोडक्यात, जून ते सप्टेंबर भिजायचं आणि मार्च ते मे भाजायचं.

म्हणजे आपण!

म्हणूनच इनामगावला डेक्कन कॉलेजच्या लोकांनी १९६८ पासून वर्षानुवर्षं खणलं आणि साडेतीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची घरं, मडकी, हाडं, जळून कोळसा झालेलं धान्य, सगळं बाहेर काढलं. पण त्या शेतकऱ्यांच्या पायात काय होतं, काही होतं की नाही, ते बघायला शिल्लक नाही. नेवाशाला एका लहान मुलाच्या दफनात तांब्याच्या मण्यांची माळ निघाली. तिच्या आतला धागा तेवढा राहिला, कारण तांब्याचा अंश जिवाणूंना मारतो. मण्यांमधला बोटभर धागा, आणि इकडे डझनावारी चपला. (चामड्याचंच म्हणाल तर आर्मेनियातल्या अरेनी गुहेत साडेपाच हजार वर्षांपूर्वीचा अख्खा बूट मिळालाय, आत गवत भरलेला. गुहा थंड आणि कोरडी, शिवाय वर मेंढ्यांच्या लेंड्यांचा घट्ट थर. देव कुणाकडून काय राखून घेईल सांगता येत नाही.)

माळावर सगळीकडे सेजब्रशची झुडपं. याच झुडपाच्या सालीच्या त्या चपला. साल उभी सोलली जाते आणि हाताने चोळली की तिच्या पट्ट्या सुटतात. मी पाना-सालीला हात लावला नाही, नियम आहेत, पण नुसतं जवळून वाकलो तर ओळखीचा वास. कुठला ते आठवेना. गाडीत बसल्यावर पेटला दिवा: दवणा! जोतिबाला वाहतात तो दवणा आणि हे झुडूप एकाच कुळातले, दोन्ही आर्टेमिसिया. कोल्हापूरच्या डोंगरावर देवाच्या डोक्यावर, आणि इथे दहा हजार वर्षांपूर्वी पायात.

आपलं चपलांचं गणितही विचित्रच आहे. आषाढी वारीला पादुकांची पालखी निघते, लाखो लोक तिच्यामागे पंढरपूरला चालत जातात. भरताने चौदा वर्षं पादुकांच्या नावे राज्य केलं. आणि घरातल्या माणसाच्या चपला दाराबाहेर, उलट्या पडल्या तर भांडण होतं म्हणून पायानेच सरळ करायच्या.

गाडीत मला एकदम फळी आठवली. आमच्या घरात चुलीच्या वर एक फळी होती. अख्ख्या घरात पावसाळ्यात कोरडी म्हणावी अशी ती एकच जागा. भिंतींना ओल, उशांना वास, आमच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटवर पांढरी बुरशी, शाळेच्या दाखल्यांना वाळवी. पण फळीवर धूर आणि ऊब. तिथे बियाणं असायचं, सुके बांगडे असायचे, आणि मृग लागला की बाबांच्या चामड्याच्या चपला. खोबरेल चोळून, कागदात गुंडाळून. चार महिने बाबा प्लास्टिकचे बूट घालायचे, आणि दसऱ्याला चपला खाली यायच्या तेव्हा त्यांना धुराचा आणि बांगड्याचा मिळून असा वास असायचा की पहिले दोन दिवस शाळेतली मांजर बाबांच्या मागे फिरायची.

आई कुठल्या चपलांबद्दल विचारत होती हे मला चोवीस तासांनी कळलं.

रस्त्यावर रेंज नव्हती. ला पाइनला पोचलो तेव्हा इकडे रात्रीचे आठ, म्हणजे तिकडे रविवारी सकाळचे साडेआठ. पेट्रोल पंपावर उभं राहून फोन लावला.

"आई, चपला टाकल्यास?"

"तूच म्हणालास ना."

"हो पण..."

"टाकल्या नाहीत. चांगल्या होत्या, टाकायच्या कशाला? काल नारळ काढायला गडी आला होता, त्याला दिल्या. अगदी बरोब्बर झाल्या त्याला. इथनंच घालून गेला."

मी काही बोललो नाही. मला आनंद झाला की वाईट वाटलं हे अजूनही नीट सांगता येणार नाही. आता त्या चपला दुसऱ्या कुणाच्या तरी चालीने झिजणार. बाहेरून झिजलेली टाच कदाचित आतून झिजून सपाट होईल. म्हणजे बाबांना चांभाराने सांगितलेलं शेवटी दुसऱ्या कुणीतरी ऐकलं.

"जुना एक जोड आहे," आई म्हणाली. "अंगठा तुटलेला. तो कोण घेणार? आहे फळीवरच."

गुहेतल्या त्या झिजलेल्या, करपलेल्या, जोड हरवलेल्या चपला आठवल्या. चांगल्या असत्या तर कुणी पायात घालून गेलं नसतं का?

"तो राहू दे," मी म्हणालो. "मी नेतो इकडे."

म्हणून तर बसलो, आणि मग लक्षात आलं की 'इकडे' म्हणजे कुठे. आमचं घर बीव्हर्टनला, कॅस्केडच्या ओल्या बाजूला. ऑक्टोबर ते मे पाऊस, बाथरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी, गराजमधल्या पुठ्ठ्याच्या खोक्यांना तोच गावच्या माळ्याचा वास. दहा हजार किलोमीटरहून जास्त लांब येऊन मी पुन्हा कोकणातच राहतोय. म्युझियमही युजीनला, त्याच पावसात आहे, पण तिथे चपलांसाठी हवेतली आर्द्रता मोजणारी यंत्रं आहेत. माझ्याकडे खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या आहेत. वीस-पंचवीस असतील. बायको कधीची फेकून दे म्हणतेय.

हे सगळं आईला पेट्रोल पंपावरून समजावायचा प्रयत्न केला. गुहा, राख, बुरशी, दवणा. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"पुण्याची हवा कोरडी आहे ना," ती म्हणाली. "मी नेते बरोबर. लाडवांचा पत्र्याचा डबा आहे, झाकण घट्ट बसतं त्याचं. कडुनिंबाचा पाला घालते आत."

"चालेल."

"पण वर चिठ्ठी लावून ठेवायला हवी. नाहीतर ताई लाडू म्हणून उघडेल."